अशील कोण, तो की त्याचा भाऊ?

अमळनेर, रविवार

बेटा,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, त्यातली तीन अशिलाच्या भावाबद्दल, एक खुद्द अशिलाबद्दल. ते मोजल्यावरच मी लिहायला बसलो.

भाऊ तुला कारागृहाच्या फाटकाबाहेर गाठतो, चहा पाजतो आणि म्हणतो, ‘ताई, तो येडा शे, तसंच लिखी टाका.’ आत अशील हात जोडतो, मला वेडा ठरवू नका म्हणतो. अन् तू मला विचारतेस, ऐकू कुणाचं? तुझं वकीलपत्र विधी सेवा प्राधिकरणाकडून आलंय. मानसिक रुग्णाला मोफत वकील मिळतो तो त्याचा हक्क म्हणून, भावाची मेहेरबानी म्हणून नव्हे. त्या चहाचे पैसे पुढच्या वेळी तू दे.

आधी दोन प्रश्न वेगळे कर. कोर्टातले जुनेजाणते वकीलही त्यांची खिचडी करतात. घटनेच्या वेळी त्याचं मन कुठं होतं, हा एक. आज त्याला खटला समजतोय का, आपली बाजू सांगता येतेय का, हा दुसरा. दुसऱ्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेची 367 आणि 368 ही कलमं आहेत (आमच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 328 आणि 329): आधी वैद्यकीय तपासणी, आणि असमर्थ आढळला तर खटला तहकूब. पहिल्यासाठी न्याय संहितेचं कलम 22. नंबर 1 जुलै 2024 पासून नवा, वाक्य मात्र आमच्या जुन्या दंड संहितेतल्या 84 चंच. मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हे कळत नव्हतं, किंवा ते गैर वा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, एवढंच तिथं बघतात. हे माप 1843 सालच्या लंडनचं. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधान पील यांचे सचिव ड्रमंड यांना गोळी घातली, तो सुटला, गदारोळ झाला, आणि न्यायाधीशांनी हाउस ऑफ लॉर्ड्सला जी उत्तरं दिली त्यांवर आपण आजही चालतो. मला विचारशील तर माप तोकडं आहे. आवाज ऐकू येणाऱ्या कितीतरी माणसांना कोयता म्हणजे कोयता हे पक्कं कळतं, तरी हात त्यांच्या ताब्यात नसतो. पण कोर्टात माझं मत चालत नाही.

म्हणून डॉक्टरांची फाईल जाड आहे यावर विसंबू नकोस. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा मानसिक आजार) लिहिलाय म्हणून कलम 22 आपोआप लागत नाही. कोर्ट विचारणार, त्या घटकेला काय? सिद्ध करायचा भारही आपल्यावर, नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम 108. तरी घाबरू नकोस. 1964 साली दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की आरोपीवरचा भार दिवाणी दाव्याइतकाच, शक्यतेचं पारडं झुकण्यापुरता. आणि तेवढंही जमलं नाही, पण पुराव्यातून त्याच्या हेतूबद्दलच वाजवी संशय उभा राहिला, तर त्याचा फायदा आरोपीलाच. (त्या खटल्यात खुद्द आरोपीचं अपील फेटाळलं गेलं. निकाल मुळातून वाच, नुसता मथळा सांगू नकोस.) घटनेच्या आधी, घटनेच्या वेळी आणि नंतर तो कसा वागला, यातून मन ओळखायचं असंही तिथंच म्हटलंय.

इथं मी कसा आपटलो ते सांगतो.

रावेरकडच्या केळीपट्ट्यातला एक तरुण. घड कापायच्या कोयत्यानं चुलत्याला मारलं, मग बोअरवर जाऊन आंघोळ केली आणि मोटारीच्या ओट्यावर बसून राहिला. सरकारी वकील म्हणाले, रक्त धुतलं म्हणजे गुन्हा कळत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिनाभरानं त्याची आई डोळे पुसत सहज बोलून गेली, ‘आंघोळीचं काय सांगू वकीलसाहेब, सहा महिने झाले, दिवसातून पाच-पाच वेळा करायचा, अंगावर कुणीतरी राख टाकतं म्हणायचा.’ आख्ख्या घराला माहीत होतं. मी विचारलं नव्हतं, कारण माझं सगळं बोलणं त्याच्या थोरल्या भावाशी चालायचं. फी तो देत होता ना!

आईला पुन्हा बोलावून साक्ष घेतली. तो सुटला. गावात पेढे वाटले नाहीत कुणी, पण मी मनात वाटले.

सुटला म्हणजे काय, हे मात्र मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. मनोविकल म्हणून निर्दोष ठरवताना कृत्य त्यानंच केलं की नाही हे कोर्टाला लिहावं लागतं. आणि केलं असेल तर दार उघडत नाही. सुरक्षित ताब्यात ठेवायचं, किंवा हमी घेऊन नातेवाइकाकडे सोपवायचं. भावानं हमी दिलीच नाही. पोराची रवानगी मनोरुग्णालयात, तीही खानदेशाबाहेर. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत प्रादेशिक मनोरुग्णालय नव्हतं; होती ती ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. भेटायला आई एकदा गेली, मग गुडघ्यांनी साथ सोडली. चारेक वर्षांनी भाऊ माझ्याकडे आला तो सातबाऱ्यावरून त्याचं नाव कमी करायचा कागद घेऊन. ‘कोर्टानंच वेडा ठरवलाय ना?’ कागद मी केला नाही. दुसऱ्या कुणी केला असेल.

तुझा अशील हात जोडतोय त्यामागं असलंच काही असेल. त्याला विचारलंस का, वेडा ठरलो तर काय जाईल असं तुला वाटतं? शेत, लग्न, गावातलं नाव, की आपण केलं ते खरं होतं यावर त्याचा अजून विश्वास आहे? हे शेवटचं असेल तर आधी 367 चा अर्ज आणि उपचार. कलम 22 चं नंतर बघू. आणि तो समजून-उमजून नको म्हणत असेल, तर ते आजारातून आलंय असं परस्पर धरून चालू नकोस.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा काढून कलम 3 चं पाचवं पोटकलम त्याला मोठ्यानं वाचून दाखव. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस मनोविकल ठरत नाही. ते सक्षम न्यायालयानं ठरवावं लागतं. पुढचं कलम 4 म्हणतं, आपल्या उपचाराचा निर्णय घ्यायची क्षमता आजारी माणसालाही असते असं धरूनच चाला. ते उपचारांबद्दल आहे, बचावाबद्दल नाही, हे मला माहीत आहे. पण डॉक्टरला जी रीत लावली ती वकिलानं का पाळू नये?

त्याच कायद्यात आणखी बरंच आहे: पुढं आजार उसळला तर काय करावं आणि काय करू नये हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क, आपला प्रतिनिधी स्वतः निवडण्याचा हक्क. तो भावालाच निवडेल असं नाही. त्याची आजाराची माहिती गोपनीय, म्हणजे भावाला फाटकावर तू जे सांगतेस तेसुद्धा जरा तपासून बघ. साखळीनं बांधायला कलम 95 नं साफ बंदी. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडात अडकलेले 28 जण आगीत जळून मेले, तेव्हा देशाला जाग आली. कायद्यात ही ओळ यायला पुढं सोळा वर्षं गेली.

हे आठवलं कारण तू लिहिलंयस, अटकेआधी त्याला भगताकडे नेलं होतं आणि पायाला वण आहेत. आई ते लाजेनं लपवणार. तिला सांग की भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं-मारणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपल्याला तिच्याकडून हवीय ती तारीख. कुठल्या अमावास्येला नेलं, तेव्हा तो काय बोलत होता. त्या वणांची नोंद कारागृहाच्या दाखल तपासणीत आहे का बघ. फिर्यादीत ‘वेडसर’ शब्द आहे का तेही बघ. असेल, आणि तरी तपास अधिकाऱ्यानं मानसिक तपासणी केली नसेल, तर 2007 चा बापू ऊर्फ गुजराज सिंग निकाल काढ. आजाराचा पूर्वेतिहास असेल तर तपासणी करून ती कोर्टापुढं ठेवणं हे तपास अधिकाऱ्याचंच काम, असं त्यात आहे. सिव्हिलचे केसपेपर, गावच्या मेडिकलवाल्याची बिलं, गोळ्या कधी बंद झाल्या, सगळं गोळा कर.

कोर्टात त्याला ‘हा वेडा’ म्हणू नकोस. समोरचे म्हणतील, म्हणू देत. त्या रावेरच्या पोराची धाकटी बहीण साक्षीच्या पिंजऱ्यात न विचारता बोलली होती, ‘मना भाऊ येडा नही शे, बिमार शे.’ लघुलेखकानं ‘आजारी’ असं लिहून घेतलं.

गुरुवारी कारागृहात जाशील ती एकटी जा. आणि एक राहिलं. अटकेच्या वेळी त्याचा चष्मा फुटला असं तू पत्राच्या कोपऱ्यात लिहिलंयस. आईकडून नंबर घे, कारागृह अधीक्षकांकडे अर्ज दे आणि नवा करून घे. दोन महिने झाले, आरोपपत्राची प्रत त्याच्या हातात आहे आणि त्याला ती वाचता येत नाहीये.

तुझा,
काका