साठी जवळ आली, कमी खर्चात पुन्हा फ्लोट ट्यूबवरून, म्हणजे हवा भरलेल्या तरंगत्या ट्यूबमध्ये बसून, गळाची मासेमारी सुरू करायची आहे. पुण्यात आहे. तयार ट्यूब घेऊ की ट्रकची जुनी ट्यूब चालेल?

तयार घ्या. घोड्याच्या नालासारखी, पुढून उघडी, आणि हवेचे दोन तरी वेगळे कप्पे असलेली. कुणाची वापरलेली मिळाली तर उत्तमच. खरं तर उत्तर इथेच संपलं, पण तुम्ही ट्रकच्या ट्यूबचं नाव काढलंत.

१९८९चा मे महिना. मी आणि माझा मेव्हणा. नाना पेठेतून ट्रकच्या ९००-२० मापाच्या टायरची जुनी ट्यूब आणली, ताडपत्रीवाल्याकडून तिला खोळ आणि बसायला पट्ट्यांची झोळी शिवून घेतली. पहाटे पाचला हवा भरली ती टम्म, वाजवली तर ढोलकीसारखी वाजेल अशी. स्कूटरवर मी पुढे, मागे मेव्हणा गळ्यात ट्यूब अडकवून. पानशेतच्या बॅकवॉटरला पोचेपर्यंत निम्मा सिंहगड रस्ता आमच्याकडे बघत होता.

सकाळ छान गेली. पाळीपाळीने उतरलो, चार चिलापी आणि एक मरळ. अकराला काठावर आलो, ट्यूब खडकावर ठेवली आणि जांभळाखाली पिठलं-भाकरी सोडली. मी म्हणालो, "अरे, थोडी हवा सोड, ऊन बघ." तर म्हणे, "मग संध्याकाळी तू तोंडाने भरणार का?" अर्ध्या तासाने धाड्! बगळे उडाले, माझ्या हातातली भाकरी मातीत. आणि या गृहस्थाचं पहिलं वाक्य : "तू गळ खोचून ठेवला असशील."

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात हेच. यांनी गळ टोचून ट्यूब फोडली. अहो, गळ टोचला तर फुस्स होईल, धाड् कसं होईल? खोळीची शिवण एका बाजूला उसवली होती आणि तिथून ट्यूब भोपळ्यासारखी बाहेर आली होती, हे मी भाकरी मोडताना पाहिलंय. पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा, काळं रबर, मेचं ऊन. फाटली तीही जुन्या ठिगळाच्या कडेने, चांगली वीतभर.

तर मुद्दा असा की, कुठलीही ट्यूब घेतलीत तरी काठावर आलात की थोडी हवा सोडा. पाण्यात गार होऊन ती पुन्हा मऊ पडते, म्हणून हातपंप जवळ ठेवा. पंप नव्हता म्हणूनच हवा सोडली नाही, हे मेव्हण्याचं एकमेव खरं वाक्य. शिवाय गोल ट्यूबमध्ये पाय घालताना या वयात गुडघे काय म्हणतील ते वेगळंच.

उरलेले पैसे फिन्समध्ये, म्हणजे पाणी मारायला पायात घालायच्या पंख्यांमध्ये घाला, त्यात कंजुषी नको. पाठमोरं जायचं असतं, सगळा जोर पोटऱ्यांवर येतो आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. फिन्स घालून काठावरही उलटंच चाला, नाहीतर तोंडावर आपटाल. वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी लांब विजार, वगैरे आपल्याकडे चैन आहे, जुनी पँट बास. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. दमल्यावर वारा परत आणून सोडतो. आम्ही उलट केलं होतं एकदा, समोरच्या काठाला लागलो आणि दुधाच्या टेम्पोतून परत आलो. ती आयडिया कुणाची होती हे सांगायला नको.

हो, लाईफ जॅकेट घालाच, आणि एकटे उतरू नका. धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो आणि कुठे उतरायलाच बंदी असते, तेव्हा आधी गावात विचारा. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांनाही.

ती खोळ माझ्या माळ्यावर अजून आहे, ट्यूबच्या तुकड्यासकट. तुम्ही पुण्यातलेच आहात, तर एकदा येऊन बघा आणि गळाचं भोक सापडतंय का सांगा. मेव्हण्यालाही बोलावतो.