रोजच्या गोळ्यांना कंटाळून ऍसिड रिफ्लक्सचं ऑपरेशन करावं का? कोणतं?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं रोज गोळी चालू आहे, तरी आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून ऑपरेशनचा विचार आहे. मी डॉक्टर नाही, पण हे ऑपरेशन करून घेतलेला रुग्ण आहे.

कोणतं ऑपरेशन हे नंतर बघू. त्रास खरोखर आम्लाचाच आहे का, हे आधी मोजून घ्या. 2019 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळीने जळजळ थांबत नाही, अशी तक्रार असलेले 366 जण त्यात होते. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, नियमाने घेतल्यावर काहींचा त्रास तिथेच थांबला. काहींची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. गळती होत होत ऑपरेशन की औषध या तुलनेसाठी उरले फक्त 78. त्यांच्यात मात्र ऑपरेशनने 67 टक्के लोकांना गुण आला, औषधं वाढवून 28 टक्क्यांना. म्हणजे नीट पारखून निवडलेल्या रुग्णाला ऑपरेशन चांगलंच लागू पडतं. एरवी गोळीचा काडीचाही उपयोग होत नसेल, तर आजार दुसराच असण्याची शंका आधी घ्यावी.

त्यासाठी एंडोस्कोपी, 24 तासांची पीएच तपासणी (अन्ननलिकेत आम्ल किती वेळ राहतं ते मोजणारी) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेचा जोर आणि झडपेचं काम मोजणारी) लागते. पीएच तपासणीआधी गोळी साधारण आठवडाभर बंद ठेवतात. अन्ननलिकेत आम्ल 6 टक्क्यांहून जास्त वेळ राहत असेल तर रिफ्लक्स पक्का, 4 टक्क्यांच्या आत असेल तर बहुधा नाही. मॅनोमेट्रीत नाकातून नळी घालून घोट घोट पाणी प्यायला लावतात. मला ती ऑपरेशनपेक्षा नकोशी वाटली, पण टाळू नका. अन्ननलिकेची खालची झडप उघडतच नाही अशा आजारातही अन्न वर येतं आणि तिथे झडप आणखी आवळली तर गिळणंच बंद व्हायचं.

मुख्य ऑपरेशन म्हणजे फंडोप्लिकेशन. जठर छातीत सरकलं असेल तर ते खाली ओढतात, श्वासपटलाचं सैल झालेलं भोक शिवतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळतात. पूर्ण वेढा म्हणजे निसेन. रुडॉल्फ निसेन यांनी ही पद्धत 1956 साली मांडली. मागून 270 अंशांचा वेढा म्हणजे टुपे. 1991 पासून हे सारं दुर्बिणीतून होतं. माझ्या अन्ननलिकेचा जोर कमी भरला म्हणून टुपे केलं. तसंही अर्धवट वेढ्यात गिळायचा आणि गॅसचा त्रास कमी होतो, म्हणून माझं मत त्याच्या बाजूने.

नंतरचं कोणी मोकळेपणाने सांगत नाही. पहिले काही आठवडे पातळ आणि मऊच खायचं, घास अडकतो. ढेकर नीट येत नाही, उलटी होणं अवघड जातं, आणि वर न आलेली हवा खालून निघते! चारचौघांत पंचाईत होते, पण रात्री सपाट झोपता येतं, हा सौदा मला परवडला.

गोळी कायमची सुटेलच असं मात्र धरून चालू नका. स्वीडनमधल्या 2017 च्या मोठ्या अभ्यासात जवळपास 18 टक्के लोकांचा रिफ्लक्स परतला, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा औषधांवर गेले. दुसऱ्यांदा ऑपरेशन करणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. अन्ननलिकेभोवती टायटॅनियमच्या चुंबकी मण्यांचं कडं बसवतात. पुढे एमआरआय करताना त्याची मर्यादा येते. तोंडातून दुर्बीण घालून वेढा करायची पद्धत हर्निया, म्हणजे जठराचं छातीत सरकणं, लहान असेल तरच. वजन खूप असेल तर गॅस्ट्रिक बायपास या वजन घटवायच्या ऑपरेशनने वजन आणि रिफ्लक्स अशी दोन्ही कामं होतात; जठर कापून अरुंद करणाऱ्या स्लीव्ह ऑपरेशनने उलट रिफ्लक्स वाढू शकतो, तेव्हा ते नाव निघालं तर जरूर विचारा.

तुमची मुख्य तक्रार पाणी वर येण्याची आहे, आणि गोळी आम्ल कमी करते, पाणी अडवत नाही. त्यामुळे सर्जनला भेटण्यात अर्थ आहे. अशी ऑपरेशनं ते वर्षाला किती करतात आणि तुमच्या मॅनोमेट्रीवरून कोणता वेढा सुचवतात, हे विचारा. घास अडकणं, वजन घटणं किंवा काळी शी असं काही असेल, तर ऑपरेशनचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा.