वहीत न आलेले वडील

'मुलगी हुशार आहे, पण निबंधात स्वतःचे एक वाक्य लिहीत नाही', ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे हमखास येतात, विशेषतः सहामाहीचे पेपर हातात पडल्यावर. वाचन वाढवले की प्रश्न सुटेल असे बहुतेकांना वाटते. माझा अनुभव वेगळा असल्याने करवीर तालुक्यातील नववीच्या एका मुलीची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, सांगते.

"बोलाय लागली की थांबत न्हाई, आन् लिवायला बसली की पेन हलत न्हाई," आई म्हणाली. वहीत 'माझे वडील' हा निबंध होता. त्यातले वडील बॅग घेऊन कार्यालयात जात. प्रत्यक्षात तिचे वडील गुऱ्हाळावर गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारे कारागीर होते.

"हे कोणाचे वडील?" मी विचारले.

"गाईडातले."

"तुझे का नाहीत?"

"त्यांच्यावर काय लिवायचं? आन् आमच्यासारखं लिवलं की बाई लाल करत्यात."

पुढच्या काही भेटींत मी तिला एक ओळही लिहायला सांगितले नाही. गूळ कसा होतो, एवढेच विचारत राहिले. ती सांगू लागली, "आबा पाण्यात पाकाचा थेंब टाकत्यात, गोळी वळती का बघत्यात. तवा काहिलीजवळ कुणी बोललेलं चालत न्हाई." काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. मी हे शब्दशः उतरवून घेतले आणि पुढच्या भेटीत कागद तिच्यापुढे ठेवला. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन हे समुपदेशक भेटीनंतर लोकांना पत्रे लिहीत आणि त्यांतून त्यांचेच शब्द त्यांना परत देत. माझी वाट तीच आहे.

"हे मी बोलले व्हय?" तिने दोनदा वाचले. मग माझ्याच हातातले पेन घेऊन 'काहिलीजवळ' खोडले आणि वर लिहिले, 'काहिलीच्या उजव्या अंगाला, धूर येत न्हाई तिथं'.

या खाडाखोडीचीच मी वाट पाहत होते, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. कौतुकाने मूल सुखावते. पण आपल्या घरचा तपशील कागदावर चुकीचा उतरला हे खटकून ते स्वतः दुरुस्त करते, तेव्हा ते त्या मजकुराचे धनी होते. या मुलीला शब्द कमी पडत नव्हते. आपले घर वहीत मावण्याजोगे नाही, हे तिने लाल शाईवरून मनाशी ठरवून टाकले होते.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझे सांगणे असे, की पहिल्या वाचनात शुद्धलेखनाला हात लावू नये, मजकुराविषयी एक खरा प्रश्न विचारावा, आणि प्रमाण भाषेचे काम दुसऱ्या दिवशी, मुलाला शेजारी बसवून करावे. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी; मात्र 'काहील', 'चुलवाण', 'आधण' हे गुऱ्हाळावरचे शब्द तिच्यात जसेच्या तसे राहू द्यावेत.

"मग मार्क?" आईने जाताना विचारलेच. दहावीच्या मराठीत प्रसंगलेखन आणि आत्मकथन असते. तिथे पाठ केलेल्या निबंधापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले गुऱ्हाळच कामी येईल, असे मी त्यांना सांगितले.