टीव्हीवर भयपट पाहताना भीती का वाटत नाही, फँटसीपट खोटे का वाटतात आणि घरी नेमकं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की थिएटरला जाणं जमत नाही, नवा मोठा टीव्ही घेतला, पण भयपट लावले तर भीती वाटत नाही आणि फँटसीपट नाटकाच्या सेटसारखे दिसतात. दोष सिनेमाचा की टीव्हीचा, आणि डब केलेले बघावेत का, असंही विचारलंय. मी या दोन्ही प्रकारांची चाहती आहे आणि बहुतेक सगळं घरीच बघते, त्यामुळे माझी मतं ठाम आहेत. न पटल्यास सोडून द्या.

आधी फँटसीचं सांगते, कारण त्याचा अर्धा इलाज रिमोटवरच आहे. सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. आजकालच्या बऱ्याच टीव्हींत हालचाल गुळगुळीत करणारी एक सेटिंग असते आणि ती बहुतेक वेळा आधीपासूनच चालू असते. दोन फ्रेम्सच्या मधे टीव्ही स्वतःच्या मनाने आणखी फ्रेम्स घुसडतो. मॅच बघायला ते बरं वाटतं, पण सिनेमाचा पार विचका होतो. हा काही माझा एकटीचा चोखंदळपणा नाही. २०१२ मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ‘द हॉबिट’ या फँटसीपटाचा पहिला भाग मुद्दाम ४८ फ्रेम्सनी चित्रित केला, तेव्हा अनेकांनी नेमकी तुमचीच तक्रार केली होती: सेट सेटसारखे दिसतात, मेकअप मेकअपसारखा. तुमचा टीव्ही ही करामत प्रत्येक सिनेमावर करतो आहे. प्रत्येक कंपनीने या सेटिंगला वेगळं नाव दिलंय, पण मेनूत ‘मोशन’ या शब्दाच्या आसपास ती सापडेल. ती बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा, म्हणजे हे आपोआप बंद होतं. पहिल्या दिवशी चित्र मंद, पिवळट वाटेल. दोन सिनेमे होईपर्यंत सवय होते.

आता भीती. भयपटाचं अर्धं काम अंधारात चालतं आणि घरच्या टीव्हीवर पहिला बळी जातो तो अंधाराचाच. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या सीझनमधला रात्रीच्या लढाईचा भाग आला, तेव्हा काहीच दिसत नाही म्हणून जगभर ओरड झाली. त्यात चूक कोणाची यावर अजून वाद घालता येईल, पण दिवे लावलेल्या खोलीत, चकचकीत पडद्यावर अंधार म्हणजे नुसता आरसा होतो. त्यात आपलंच सोफ्यावर बसलेलं ध्यान दिसतं. अरी आस्टरच्या ‘हेरेडिटरी’त (२०१८) शेवटाकडे एक दृश्य आहे. मुलगा झोपेतून उठून पलंगावर बसलाय, खोली अंधारी. कॅमेरा हलत नाही, संगीत दचकवत नाही. त्याच्या मागे वर, भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात काहीतरी आहे, आणि ते बराच वेळ तिथेच आहे. सिनेमा तुम्हाला ते बोट दाखवून सांगत नाही. ज्याला ते दिसतं त्याची बोबडी वळते, आणि ज्याच्या खोलीत ट्यूबलाइट चालू आहे तो म्हणतो की सिनेमा संथ आहे, काही घडतच नाही. तेव्हा दिवे घालवा. पूर्ण काळोख नको असेल तर टीव्हीच्या मागे एखादा मिणमिणता दिवा चालेल, समोर किंवा डोक्यावर मात्र नको. आणि तो ‘व्हिव्हिड’ नावाचा भडक मोड तर कायमचा विसरून जा.

आवाजाचं तर चित्रापेक्षाही महत्त्व जास्त. पातळ टीव्हीचे चिमुकले स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. मग संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो, पुढच्याच मिनिटाला किंकाळी येते, शेजारी उठतील म्हणून कमी करतो. हा खेळ चालू असताना भीती कसली वाटणार! ‘नाइट मोड’ लावला की हळू आवाज मोठे आणि मोठे आवाज हळू होतात. शेजारधर्म पाळला जातो, पण भयपट सपाट होतो. माझं मत विचाराल तर भयपटासाठी स्वस्त साउंडबारपेक्षा बरे हेडफोन केव्हाही सरस. डाव्या कानामागे कुणी श्वास घेतला की कळतं.

आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रिमोटही हाताशी नको. थिएटरमध्ये भीती वाटते कारण सिनेमा थांबवता येत नाही. घरी ताण वाढायला लागला की हात आपसूक पॉजकडे जातो, पाणी पिऊन येतो, आणि दिग्दर्शकाने वीस मिनिटं रचलेलं सगळं मुसळ केरात.

एवढं करूनही भीती वाटली नाही तर निवड चुकतेय. दर पाच मिनिटांनी ढॅण करून अंगावर येणारे सिनेमे थिएटरसाठी असतात, कारण तिथे शेजारचाही किंचाळतो आणि मजा येते. घरी ते पोकळ वाटतात. दचकणं म्हणजे भीती नव्हे, मागून कुणी भॉक केलं तरी माणूस दचकतो. घरी बघायचे ते घराविषयीचे भयपट. त्यात माझा सर्वांत लाडका म्हणजे रॉबर्ट वाइजचा ‘द हाँटिंग’, १९६३ चा कृष्णधवल. याच नावाचा १९९९ चा रीमेक आहे, तो चुकूनही लावू नका. जुन्या सिनेमात भूत दिसतच नाही. दोन बायका एका खोलीत, बाहेर बोळातून धडधड आवाज करत काहीतरी जवळ येतंय, आपण नुसतं बंद दार बघतोय. नंतर एका प्रसंगात लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, जणू पलीकडून कुणी अंग टेकलंय. बस, एवढंच. आणखी एका रात्री अंधारात एकीचा हात दुसरीने घट्ट धरलेला आहे असं तिला वाटतं, आणि दिवा लागल्यावर दिसतं की दुसरी पार लांबच्या पलंगावर आहे. साठ वर्षं उलटली, तरी हे बघून झाल्यावर मी पांघरुणाबाहेर हात ठेवून झोपत नाही.

दुसरा, हिदेओ नाकाताचा मूळ जपानी ‘रिंगू’ (१९९८). भूत टीव्हीतून बाहेर येतं, म्हणजे हा सिनेमा टीव्हीवरच बघायला हवा, थिएटरमध्ये त्यातला निम्मा डंख जातो. त्या भुताची ती विचित्र, सांधे निखळल्यासारखी चाल साधायला अभिनेत्रीला उलटं चालायला लावून चित्रण उलट फिरवलं होतं. हे माहीत असूनही काटा येतो. जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ १९८२ च्या जूनमध्ये आला, ‘ई.टी.’ लागल्यानंतर दोनच आठवड्यांनी, आणि आपटला. त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं ते नंतर, घरच्या व्हिडिओ कॅसेटवर. त्यातले किळसवाणे अवतार रॉब बॉटिनने रबर आणि यंत्रांनी घडवले आहेत, आणि आजच्या बऱ्याच संगणकी भुतांपेक्षा ते जास्त खरे वाटतात.

फँटसीलाही मी हीच कसोटी लावते. जी दुनिया हातांनी बनवलेली आहे ती छोट्या पडद्यावर टिकते, जी नुसती भव्य आहे ती टिकत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या लढाया टीव्हीवर मुंग्यांच्या रांगा वाटतात, हे मान्य. पण पहिल्या भागात उंच जादूगार गॅन्डाल्फ आणि बुटका फ्रोडो एका टेबलाशी बसून बोलतात ते बघा. टेबल दोन तुकड्यांचं आहे, एक तुकडा कॅमेऱ्याजवळ, दुसरा लांब. कॅमेरा सरकतो तसा सेटचा भागही सरकतो, म्हणून जोड दिसत नाही आणि एक माणूस दुसऱ्याच्या निम्मा वाटतो. हे घरी थांबवून, मागे नेऊन बघण्यातच मजा आहे. (हो, फँटसी बघताना रिमोट हातात चालेल.) लांबवलेल्या आवृत्त्याही घरीच बऱ्या, तीन-चार तास एका खुर्चीत कोण बसणार?

दोन्ही प्रकार एकत्र हवे असतील तर गियर्मो देल तोरोचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ (२००६). १९४४ चा स्पेन, हुकूमशहा फ्रँकोची राजवट, एक लहान मुलगी आणि तळहातांवर डोळे असलेला एक राक्षस. तो वेश घातलेला नट डग जोन्स मुखवट्याच्या नाकपुड्यांतून बाहेर बघत होता. नाव परीकथेचं असलं तरी मुलांना घेऊन बसू नका. त्यातला खरा राक्षस लष्करी गणवेशात आहे आणि त्याची हिंसा बघवत नाही. आपल्याकडचा ‘तुंबाड’ (२०१८) अजून पाहिला नसेल तर काय बोलायचं! एवढंच सांगते की त्यात पाऊस आणि अंधार दोन्ही भरपूर आहे, तेव्हा वरचं सेटिंगचं पुराण आधी पार पाडा.

राहिला डबिंगचा प्रश्न. फँटसी डब केलेली चालते, बोलणाऱ्या झाडाचा आवाज मुळातही स्टुडिओतच तयार झालेला असतो. भयपट मात्र मूळ भाषेत आणि सबटायटल्स लावून बघा, कारण डबिंगमध्ये शब्द येतात पण कापरा श्वास, अडखळणं, पुटपुटणं बऱ्याचदा गळतं. सबटायटल्स निवडताना एक काळजी घ्या. यादीत अनेकदा दोन पर्याय असतात, एक साधा आणि एक कर्णबधिर प्रेक्षकांसाठीचा. दुसऱ्यात प्रत्येक आवाज लिहून येतो. त्यांच्यासाठी तो हवाच, पण ऐकू येत असेल तर साधा निवडा. नाहीतर दार करकरायच्या आधीच खाली ‘दार करकरते’ असं वाचून मोकळे व्हाल.