गाडीच्या दारातल्या स्पीकरची वायर बदलतोयस? थांब जरा

अरे भावा, नवे स्पीकर घ्यायची घाई नको करूस, दार उघडबंद केलं की आवाज येतो-जातो म्हणतोस म्हणजे बहुतेक वायर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत तुटलीय, रोज वाकून वाकून तिथेच जाते ती.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ. वायर शुद्ध तांब्याची, बारीक तारांची, जाडीला 16 गेज पुरे, ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते पण वाकवून लवकर तुटते. जुन्या वायरला नवी बांधून ओढ, अडली तर नळीत सिलिकॉन स्प्रे मार. जॉइंट मात्र नळीत नको, आणि सोल्डर करून हीट श्रिंक (तापवलं की आवळून बसणारं प्लॅस्टिकचं आवरण) चढव, मी पहिल्यांदा नुसत्या टेपवर भागवलेलं, मे महिन्यात डिंक पातळ होऊन टेप सुटला आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली, बोंबला!

प्लस-मायनस कळत नसेल तर स्पीकर सुटा करून 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकव, स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर आला की सेलचं प्लस तेच स्पीकरचं. दाराचं आतलं पॅड परत बसवण्याआधी काच पूर्ण खालीवर करून बघ, वायर घासत नाही ना. आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडून फेकू नकोस हां, पावसाळ्यात पाणी आत येऊन पाय भिजतील.