ड्रॉइंग पुतण्याच्या टॅबवर कसं पोचलं?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं (यंत्रांच्या भागांचे मापांसकट आराखडे), कोटेशनं, इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळं माझ्या स्वतःच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅपनं येतं. ठेकेदाराच्या कामगारांच्या आधार कार्डांचे फोटोही माझ्याकडंच आहेत. परवा स्क्रीनला तडा गेला, राजारामपुरीत दुरुस्तीला टाकायचाय. मालक म्हणतात, ‘आधी त्यातलं सगळं सुरक्षित कर, मग दे.’ लॉकचं एखादं चांगलं अ‍ॅप सांगाल का?
– एक वाचक

उत्तर : अ‍ॅपकडं नंतर येते. ती ड्रॉइंगं फक्त तुमच्याच फोनवर आहेत, हे तुम्ही कधी तपासून बघितलंय का?

मी अकरा वर्षं उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपची, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवणाऱ्या कारखान्याची, ड्रॉइंगं सांभाळली. एका पंपाच्या केसिंगचं काम होतं. गिऱ्हाइकानं गोपनीयतेच्या करारावर आमच्या मालकांची सही घेतलेली. कोअर बॉक्सची (ओतीव भागात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा ज्यात बनवतात, त्या पेटीची) मापं पडताळायला मी ड्रॉइंगचा मोबाईलवर फोटो काढला, काम झालं आणि विसरून गेले. महिन्याभरानं पुतण्या टॅब घेऊन आला, “काकू, हे कसलं मशीन?” तेच ड्रॉइंग! कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये गिऱ्हाइकाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. घरात चार मोबाईल आणि एक टॅब, आणि सोयीसाठी सगळ्यांवर एकच जीमेल खातं. माझ्या कॅमेऱ्यातला प्रत्येक फोटो गूगल फोटोजमधून पाचही ठिकाणी दिसत होता. माझा फोन पर्समधून हललासुद्धा नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मालकांना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले, ते बरोबरच होतं.

तेव्हापासून मला चोरापेक्षा या आपोआप होणाऱ्या प्रतींची धास्ती जास्त वाटते. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. कामासाठी स्वतःचं वेगळं जीमेल खातं ठेवा, ते घरात दुसऱ्या कुणाच्या फोनवर घालू नका. गूगल फोटोजचा बॅकअप बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये, चॅट्समध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, म्हणजे यापुढं आलेले फोटो गॅलरीत उतरणार नाहीत. आधीचे मात्र हातानंच काढावे लागतील, आणि काढल्यावर ट्रॅशही रिकामी करा. बॅकअप झालेला फोटो तिथं ६० दिवस पडून असतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा स्वतःचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो. त्याला पासवर्ड लावून कुलूपबंद करायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ही उघडून बघा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कधीतरी घाईत जोडलेलं व्हॉट्सअ‍ॅप तिथं अजून चालू असेल, तर ते आधी तोडा.

आता लॉकच्या अ‍ॅपबद्दल. कुणा अनोळखी कंपनीच्या अ‍ॅपला फोनमधल्या सगळ्या फायली बघायची परवानगी देणं मला अजिबात पटत नाही. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या फोनमधला मजकूर मुळातच सांकेतिक रूपात साठवलेला असतो. पण स्क्रीन लॉकच नसेल, तर फोन हातात आलेल्या कुणालाही तो उघडता येतो. आपल्याकडं अडचण इथंच येते. फेटलिंगवाल्यांची (ओतीव भाग घासून साफ करणाऱ्यांची), वाळूत काम करणाऱ्यांची बोटं झिजतात, ठसा लागत नाही, मग वैतागून माणूस लॉकच काढून टाकतो. रेघा ओढून उघडायचं लॉक ठेवलं, तर ग्रीसच्या बोटाची वाट काचेवर उमटते. सहा आकडी पिन घाला. चार आकडी पिनच्या दहा हजार शक्यता, सहा आकडीच्या दहा लाख. जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नको.

नेहमी लागणारी दोन-चार ड्रॉइंगं गूगलच्या ‘फाइल्स’ अ‍ॅपमधल्या ‘सेफ फोल्डर’मध्ये ठेवा. त्याचा पिन मात्र विसरू नका, विसरलात तर आतल्या फायली परत मिळत नाहीत.

दुरुस्तीचं म्हणाल, तर स्क्रीन बदलायला तुमच्या पिनची गरज नाही. चिठ्ठीवर पिन लिहून देऊ नका. टच तपासायला फोन उघडायचाच असेल, तर समोर उभं राहून स्वतः उघडा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ असतो. तो चालू केला की कारागिराला फोन तपासता येतो, तुमचे फोटो आणि चॅट दिसत नाहीत. मेमरी कार्ड आणि सिम काढून खिशात ठेवा.

आधार कार्डांच्या बाबतीत मी कडक बोलते, राग मानू नका. पी.एफ.चं काम संपलं की ते फोटो तुमच्या मोबाईलवर राहायचं काही कारण नाही. ती कामगारांची ओळख आहे, त्यांनी विश्वासानं दिलेली. लोकांच्या अशा माहितीसाठी २०२३ साली देशात स्वतंत्र कायदा झालाय आणि त्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. ते फोटो आजच काढून टाका.

मालकांनाही माझा एक निरोप द्या. कंपनीचं काम स्वतःच्या फोनवर करायला लावायचं, तर अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. कंपनीचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या माणसाकडून ते करून घ्या. कामाची अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्यावर छोट्या बॅगेची खूण येते. तुम्ही नोकरी सोडली, तर कंपनी तेवढाच कप्पा पुसते, तुमच्या लेकराबाळांच्या फोटोंना हात लागत नाही. आणि कोटेशनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यापेक्षा ड्राइव्हची लिंक द्या, डाउनलोड आणि प्रिंट बंद करून. पडद्याचा फोटो कुणी काढेलच, पण फाइल गावभर फिरणार नाही.

दुरुस्तीला जाण्याआधी *#०६# दाबा. पडद्यावर येईल तो पंधरा आकडी आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) घरच्या डायरीत लिहा. फोन हरवला, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर त्या नंबरावरून फोन ब्लॉक करता येतो, आणि तो नंबर हरवलेल्या फोनच्या आतच असून उपयोग नसतो.