पोरं शिकून पळून जातील म्हणून शिकवायचंच नाही का?

विचारलास म्हणून सांगतो, बेळगावात उद्यमबागला कारखान्यासाठी गाळा घेतलास, दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं, टाकलीस, बरं केलास, पण पोरांना नीट शिकवायला पैसे कशाला घालू, शिकली की शेजारचा हजार रुपये जास्त देऊन नेतोय म्हणालास ना, मी पण सुरुवातीला हेच म्हणत होतो बघ.

मग एकदा नवीन पोराला तसंच मशीनवर उभा केला. टूल ऑफसेटला, म्हणजे टूल कुठवर जायचं त्या आकड्याला, मायनस टाकायचं ते विसरला, सायकल स्टार्ट दाबलं आणि टूल धाडकन चकवर, म्हणजे तुकडा पकडून ठेवणाऱ्या भागावर, आदळलं. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेलं, होल्डर वाकला, टूल बसवतात त्या टरेटची अलाइनमेंट करायला बाहेरनं माणूस बोलवावा लागला, त्यात आठ दिवस मशीन बंद. शिव्या मी त्यालाच घातल्या, पण चूक माझीच होती की.

आता नवीन पोरगा आला की पहिले पंधरा दिवस मायक्रोमीटरनं बारीक मापं घेणं आणि ड्रॉइंग वाचणं, बास. एकच जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, तिघांकडून मोजून घेतो, तिघांचं रीडिंग वेगळं आलं की खरं शिकवणं तिथं सुरू होतंय. आणि कन्नड पोरांना कन्नडमधनंच समजावायचं, तिथं मराठी रेटू नको.

आयटीआयवाले घेणार असशील तर अप्रेंटिस म्हणून रीतसर घे, केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, महिन्याला 1500 पर्यंत, सरकार देतंय.

जाणारा जातोय रे. माझे दोघं गेले, त्यातल्या एकाने स्वतःचा गाळा टाकलाय, आज मलाच जॉबवर्क देतोय.